शेतातल्या पाण्याचे नमुने घ्यायला निघालात?

या कामात नव्यानं येणारे आधी पाणी मोजायच्या मीटरबद्दल विचारतात. कुठला घ्यावा, कॅलिब्रेशन (तो बरोबर मोजतोय ना याची जुळणी) कधी करावं. ते हाताखाली काम करता करता येतं. शेतकरी तुम्हाला दुसऱ्यांदा विहिरीपाशी येऊ देईल का, हा प्रश्न जास्त अवघड आहे.

नायट्रेट, म्हणजे खत, शेण, सांडपाण्यातून पाण्यात उतरणारं नायट्रोजनचं संयुग, जास्त निघालं की दोष आपल्यावर येणार, ही त्याची भीती उगाच नसते. पण नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही, पाण्याबरोबर खाली झिरपतं. विहिरीत उतरतं ते वरच्या अंगाच्या अनेक शेतांचं, गोठ्यांचं, शोषखड्ड्यांचं मिळून असतं. एका नमुन्यावरून कुणाला जबाबदार धरता येत नाही, हे आपणहून सांगा. आकडा कुणाकुणाच्या हाती जाणार, नावासकट की नावाविना, हेही बाटली काढायच्या आधीच बोलून घ्या, जमल्यास लिहून द्या. ‘कुणाला कळणार नाही’ असं मोघम आश्वासन देऊ नका. पैसे देणाऱ्या संस्थेशी झालेला करार वेगळंच सांगत असतो.

नमुना मी शक्यतो मालकासमोरच घेतो. पाइपात साचलेलं पाणी जाऊन ईसी (पाण्याची विद्युतवाहकता) आणि तापमान स्थिर होईपर्यंत पंप चालू ठेवायचा. रसायनांच्या तपासणीची बाटली त्याच पाण्यानं विसळायची, जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नाही. लेबल तिथंच लिहून बाटली बर्फात. एका शेतकरी बाईंनी हे सगळं बघून विचारलं, “आणि लॅबच चुकली तर?” अगदी रास्त शंका! तेव्हापासून मी काही ठिकाणी त्याच पाण्याची दुसरी बाटली वेगळ्या क्रमांकानं लॅबला पाठवतो आणि दोन्ही आकडे मालकाला दाखवतो. जुळले नाहीत तरी दाखवतो.

आकड्यांवरून भांडणं होतात ती बऱ्याचदा एककामुळे. एक लॅब नायट्रेट लिहिते, दुसरी नायट्रेट-नायट्रोजन, म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन. लिटरमागे 44 मिलिग्रॅम नायट्रेट आणि 10 मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन हे जवळजवळ एकच पाणी असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची 50 ची मर्यादा नायट्रेटची आहे. नायट्रोजनच्या हिशेबात ती सुमारे 11 होते. शेजाऱ्यांनी रिपोर्ट ताडून पाहिले आणि हे आधी कुणी सांगितलेलं नसलं, तर तुम्हीच खोटे ठरता.

खत कमी केलं की पुढच्या हंगामात पाणी सुधारेल, असंही बोलून बसू नका. भूजलातला फरक दिसायला वर्षं लागतात, कुठे दशकंही. ओळखीचं म्हणाल तर पहिल्या भेटीला तपासणी अधिकाऱ्याच्या गाडीतून उतरू नका, खतविक्रेत्याच्या तर नाहीच. ज्याच्याबरोबर आलात त्याचेच तुम्ही समजले जाता.

वाईट निकाल मात्र छापील रिपोर्टाची वाट न पाहता, इतर कुणाला कळण्याआधी, त्या घरी सांगायचा. तेच पाणी पिण्यात असेल आणि घरात बाटलीचं दूध पिणारं तान्हं बाळ असेल, तर दुधाची पावडर त्या पाण्यात कालवू नका हे त्याच दिवशी कळवा. सोबत हेही सांगा, की उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं.