नाशिककडच्या आपल्या होमस्टेच्या वेबसाइटसाठी लिहायला बसताय? आधी एवढं करा

सगळ्यात आधी फोन नंबर. लेख, फोटो, साइटचा रंग, सगळं नंतर. नंबर टाइप केलेला हवा, फोटोवर छापलेला नको. साइट करून देणारी पोरं हौसेने द्राक्षाच्या घडाच्या फोटोवर झोकदार अक्षरात नंबर टाकून देतात. दिसतो छान, पण त्यावर बोट ठेवलं तर काही होत नाही. ठाण्याहून निघालेल्या गाडीत मागे बसलेली मंडळी मोबाइलवर खोली शोधत असतात. ती नंबर पाठ करून डायल करत बसत नाहीत, दुसरं घर उघडतात. आमचा एक अख्खा द्राक्षाचा हंगाम असाच गेला: वाचायचे आमचं, फोन वाजायचा दुसरीकडे. तेव्हा नंबर, टाइप केलेला, वर एकदा आणि खाली एकदा. प्रत्येक पानावर, फक्त ‘संपर्क’ नावाच्या पानावर नाही. तिथपर्यंत कुणी जात नाही.

आता कधी लिहायचं ते. द्राक्षाची काढणी साधारण जानेवारी ते मार्च, म्हणजे द्राक्षांवरचा मजकूर दिवाळीच्या आसपास वर गेलेला हवा. नवं पान गुगलला सापडून वर यायला वेळ लागतो आणि सव्वीस जानेवारीच्या जोडसुट्टीचं लोक आधीच ठरवून मोकळे झालेले असतात. फेब्रुवारीत सुचलं म्हणून फेब्रुवारीत लिहिलं, तर ते पुढच्या वर्षीच कामाला येईल. पावसाळ्याचं उन्हाळ्यातच उरकून घ्या.

कशावर लिहायचं, यात बहुतेकांची गाडी अडते. सुलाची वायनरी, पांडवलेणी, पंचवटी यांवर ढीगभर पानं आहेत, त्यात आपण आणखी एक घालून कोण वाचणार? आपल्याकडे उतरणारा माणूस नेमका कशासाठी येतो ते बघा. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबलीसाठी येणारं कुटुंब घ्या. विधी तीन दिवसांचा, म्हणजे मुक्काम आलाच. त्यांना तुमच्या बागेचं कौतुक नको असतं. कांदा-लसूण न घालता जेवण मिळेल का, पहाटे गाडी मिळेल का, आजींना जिना चढावा लागेल का, एवढंच विचारायचं असतं. याची सरळ उत्तरं लिहिलेलं एक पान सूर्यास्ताच्या दहा वर्णनांपेक्षा जास्त फोन आणतं. (नंबर टाकलात ना त्या पानावर?)

तसंच रंगपंचमीचं. नाशकात धुळवडीपेक्षा रंगपंचमीचा दणका मोठा, आणि जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी त्या दिवशी उघडतात, हे मुंबई-पुण्याच्या माणसाला माहीत नसतं. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला रंगाचा दगडी हौद, एरवी बुजवून ठेवलेला. लोक त्यात धप्पकन उडी मारतात. गाडी कुठपर्यंत नेता येते, मोबाइल कुठे ठेवायचा, लहान पोरांना न्यावं का, हे सगळं लिहा. आणि परत आल्यावर आधी अंगणातल्या नळाखाली अंघोळ, मग खोलीत, हेही तिथेच ठणकावून लिहा. रहाडीचा रंग चादरीतून जात नाही.

थंडीतलं नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्यही असंच. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा, पण पहाटे निघणाऱ्याला डबा कोण बांधून देतं हे कुणी लिहीत नाही. देत असाल तर तुम्ही लिहा.

‘कसे याल’ हा भाग जुना असेल तर फाडून टाका. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, मुंबईकडून येणारे निम्मे लोक आता त्याच रस्त्याबद्दल विचारतात आणि तुमच्या पानावर अजून कसारा घाटच आहे. रेल्वेने येणाऱ्यांना स्पष्ट सांगा की नाशिकरोड स्टेशन म्हणजे नाशिक गाव नव्हे, तिथून पुढे आठ-नऊ किलोमीटर यावं लागतं. नकाशावरची खूण गेटवर आहे की मागच्या शेतात, ते स्वतः गाडी काढून तपासा. रात्री.

फोटोंत बाथरूम हवंच. पाणी सोलरवर तापत असेल तर ढगाळ दिवशी कोमट येतं, हे आधी लिहिलेलं बरं, नाहीतर सकाळी सात वाजता बादली घेऊन पाहुणा दारात उभा. दर लिहा. ‘दरासाठी संपर्क करा’ म्हटलं की लोकांना वाटतं, गाडी बघून दर सांगणार. बुकिंग साइट पंधरा-वीस टक्के कापतात, म्हणून तर हा सगळा खटाटोप. मग थेट फोन करणाऱ्याला त्यातले थोडे सोडा आणि तसं लिहा. कुठल्या नंबरावर फोन करायचा, तेही तिथेच. पुन्हा सांगतेय, कारण हेच राहतं.

काही गोष्टी लिहूच नका. परवाना नसताना ‘आमच्याकडे वाइन’ असं सुचवायचंही नाही. भर पावसात दुगारवाडीच्या धबधब्याला जा म्हणून सांगू नका. ओढा फुगला की माणसं पलीकडे अडकतात, आणि प्रशासनाची बंदी असेल तर तुमच्या भरवशावर गेलेला पाहुणा परत येऊन तुमच्याशीच भांडतो. २०२७ च्या कुंभाच्या पर्वण्यांसाठी, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवसांसाठी, ‘रामकुंड गाडीने दहा मिनिटं’ हे तर अजिबात नको. त्या दिवशी गाड्या बाहेरच थांबवतात, पुढे पायीच जायचं असतं, २०१५ च्या कुंभाला बघितलंय सगळ्यांनी.

सगळं झालं की पान परगावच्या मावशीला किंवा मामाला पाठवा आणि म्हणा, इथूनच मला फोन लाव. लागला तरच पुढे. दुपारी दोन ते चार फोन कोण उचलणार ते घरात ठरवून ठेवा. गुगल मॅपवरही तोच नंबर हवा, तीन वर्षांपूर्वीचं बंद पडलेलं सिम नको.

बाकी किरकोळ. एक पान हिंदीत, गुजरातचे पाहुणे येत असतील तर एक गुजरातीत. शुद्धलेखन कुणाकडून तरी बघून घ्या. डोमेनचे पैसे कधी भरायचे ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा, आणि पासवर्ड साइट करणाऱ्या पोराकडे न ठेवता स्वतःच्या वहीत.