रॅटला तोंडावाटे डोस देताना
नवी मुंबईतल्या रबाळे-महाप्याच्या पट्ट्यातल्या प्रयोगशाळेत ओईसीडी ४२३ चाचणी (तोंडावाटे दिलेलं रसायन किती विषारी ते तपासायची आंतरराष्ट्रीय पद्धत) करायची तर आधी प्राणी नैतिकता समितीची मंजुरी. मग ८ ते १२ आठवड्यांच्या ३ माद्या. ५ दिवस पिंजऱ्याची सवय. रात्रभर उपाशी ठेवा, पाणी मात्र तोडू नका. रसायनाची माहितीच नसेल तर वजनाच्या किलोमागे ३०० मिलिग्रॅमपासून सुरुवात.

गॅव्हाजची (तोंडातून थेट पोटात डोस सोडायची) सुई आधी तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजा. अडली तर रेटू नका: श्वासनलिकेत गेलेला डोस प्राण्याला हकनाक मारतो, आणि तो मृत्यू रसायनाच्या खात्यावर पडतो.

पहिले ४ तास बारीक लक्ष, पुढे १४ दिवस रोज. तडफडणाऱ्या प्राण्याला मात्र तेवढे दिवस ताटकळवू नका. वेदनारहित मरण द्या. पावसाळ्यात आर्द्रता ७० टक्क्यांवर जाते, डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) चालूच हवा.