पॉक्सोच्या केसमध्ये लेकरासाठी सरकारी मदत कशी मागायची

लेकरावर लैंगिक अत्याचार झाला की पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याखाली केस होते, आणि घरचे सगळे पोलीस स्टेशन, हॉस्पिटल आणि कोर्ट यातच अडकतात, पैशाचा विषय निघाला की आईबापाला मेल्याहून मेल्यासारखं होतं, लोक काय म्हणतील. पण ही भीक नाही हो, आणि अब्रूची किंमत तर नाहीच. रोज बुडतो, जिल्ह्याच्या गावाला चकरा होतात, शाळा बदलावी लागते, समुपदेशन महिनोन्महिने चालतं, त्यासाठीच हा पैसा ठेवलेला आहे. आणि निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा.

एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती मागून घ्या आणि पाच-सहा झेरॉक्स काढून ठेवा. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला, म्हणजे अडचणीतल्या मुलांची काळजी बघणाऱ्या सरकारी समितीला, कळवायचं असतं, कळवलं का ते विचारा. उपचाराचं म्हणाल तर हॉस्पिटल सरकारी असो की खाजगी, अशा मुलावर मोफत उपचार करायचे असतात, "आधी पोलिसांचं पत्र आणा" म्हणून परत पाठवता येत नाही.

आता पैसे. पहिली मदत मागायची बाल कल्याण समितीकडे. २०२० च्या पॉक्सो नियमांतला नियम ८ आहे, जेवण, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समिती शिफारस करू शकते आणि शिफारस पोचल्यापासून आठवड्याच्या आत पैसे द्यायचे असतात. बऱ्याच जणांना हे कुणी सांगतच नाही, म्हणून तुम्हीच साध्या कागदावर अर्ज द्या, खर्च नेमका लिहा, एसटीचं तिकीट, औषधाची बिलं सगळं जोडा. मुलासोबत कोर्टापर्यंत राहणारी सहायक व्यक्ती पण समितीच नेमून देते, तीही त्याच अर्जात मागा.

दुसरी मदत विशेष कोर्टाकडून, म्हणजे पॉक्सोच्या केस चालतात त्या कोर्टाकडून. नियम ९ प्रमाणे एफआयआर झाल्यावर कधीही अंतरिम, म्हणजे निकालाआधीची भरपाई मागता येते. आरोपी सापडला नाही किंवा सुटला तरी मुलाचं नुकसान झालंय असं कोर्टाला वाटलं तर भरपाई देता येते, आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत सरकारने रक्कम द्यायची असते. अर्जात शाळा किती बुडाली, घरची परिस्थिती काय, आरोपी नात्यातला आहे का हे नक्की लिहा, कारण कोर्ट रक्कम ठरवताना हेच बघतं.

तिसरी, महाराष्ट्रात असाल तर मनोधैर्य योजना, अत्याचार सोसलेल्या बायका-मुलांसाठी राज्य सरकारची मदत. २ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली, आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी ऑफिसकडून चालते, ऑफिस बहुतेक जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं, मदत १० लाखांपर्यंत होऊ शकते. सगळे पैसे एकदम हातात येत नाहीत, मोठा हिस्सा मुलाच्या नावाने मुदत ठेवीत जातो, आणि मला ते बरोबरच वाटतं.

खातं मात्र नीट बघा. एका आईसोबत मी बसले होते, तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घडी घालून नीट लावलेले, पण आधारवर मुलीचं शाळेतलं नाव आणि पासबुकवर घरी हाक मारतात ते नाव, एवढ्यावरून तिचे पैसे अडकले होते. तिला परत रोज पाडून बँकेत जावं लागलं. आणि आरोपी बाप किंवा घरातलाच कुणी असेल तर त्याचं नाव खात्यावर पालक म्हणून अजिबात ठेवू नका, तसं अर्जातही स्पष्ट लिहा.

मुलगा असला तरी पॉक्सो तेवढाच लागू आहे, लाजेपायी गप्प बसू नका. मुलाचं नाव, फोटो, शाळा बाहेर जाऊ देणं कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे कुणी कितीही मदतीचं म्हणालं तरी अर्जाचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन पोच स्वतःकडे ठेवा, "साहेब नाहीत" म्हणाले तरी आवक टेबलवर देता येतं. कुठेही अडलं तर १५१०० ला, म्हणजे विधी सेवेच्या हेल्पलाइनला फोन करा, लहान मुलाला वकील मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मूल अजूनही धोक्यात असेल तर आधी मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला फोन करा.