आपल्या मोहल्ल्यातलं आंदोलन कसं उभं करायचं (आणि मोर्चा संपल्यावर काय करायचं)

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात मारबत निघते, म्हणजे वाईटाला गावाबाहेर घालवायच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, आणि सोबत बडगे, म्हणजे ज्या गोष्टींचा राग आलाय त्यांचे पुतळे. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, मागून पोट्टे बोंबलत राहतात "घेऊन जा गे मारबत", मग बडगा जळतो आणि दुसऱ्या दिवशी कॉटन मार्केटात टमाट्याचा भाव तोच. मी स्वतः दरवर्षी इतवारीत जातो, राग निघतो, मजा येते, माझी काही तक्रार नाही. पण आपली बरीचशी आंदोलनं पण अशीच असतात ना बाप्पा. एक दिवस ओरडलो, फोटो काढले, तर्री पोहे खाल्ले, घरी.

आमच्या ले-आउटमधल्या उघड्या नालीसाठी आम्ही पहिलं वर्ष असंच घालवलं. नंतर जे शिकलो ते लिहून ठेवतोय, कोणाच्या कामी आलं तर आलं.

सगळ्यात आधी मागणी इतकी लहान करा की ती एका माणसाच्या एका सहीत मावली पाहिजे. "आमच्याकडे लक्ष द्या" ही मागणी नाही, त्याला साहेब "हो हो" म्हणतो आणि विसरतो. "या गल्लीतली इतके मीटर नाली पावसाळ्याआधी झाकून द्या" ही मागणी. आता सही कोणाची ते शोधा. आमचे आठ महिने इथंच गेले, एक ऑफिस म्हणे जागा त्यांची, दुसरं म्हणे काम यांचं, आम्ही मधात फुटबॉल.

हा घोळ शेवटी माहितीच्या अधिकारानं सुटला. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस, नाही आलं किंवा गोलगोल आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. प्रश्न "का नाही केलं" असा विचारू नका, कागद मागा. या नालीची देखभाल कोणाकडे आहे त्या आदेशाची प्रत द्या, असं. आणि हा कायदा पण कोणी खुशीत दिलेला नाही. राजस्थानातल्या रोजंदारीच्या मजुरांना कामाची पूर्ण मजुरी मिळत नव्हती म्हणून ते म्हणाले हजेरीपट दाखवा, बिलं दाखवा. गावात जनसुनवाई घेऊन कागद मोठ्यानं वाचायचे आणि ज्याचं नाव निघालं त्यालाच विचारायचं, तुला मिळाले का पैसे? १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवस धरणं झालं, आपल्याकडे २००२ चा राज्याचा कायदा आला, आणि २००५ मध्ये देशाचा. म्हणजे आपण १० रुपयांत जे वापरतो त्याच्या मागं कोणाची तरी बुडालेली मजुरी आहे.

दुसरं काम माणसं मोजायचं. व्हॉट्सअ‍ॅपवरची नाही, खरी. आमच्या ग्रुपमध्ये १८० जण होते, पहिल्या दिवशी नालीवर ११ आले आणि त्यातले दोघं माझ्याच घरचे. मग आम्ही दारोदार फिरलो, दुपारी चारच्या सुमारास, कारण तेव्हा बाया घरी असतात आणि नालीचा वास, डेंग्यू, पोरगं पडणं हे सगळं त्यांच्याच वाट्याला. एका काकूंनी सांगितलं म्हणून कळलं की तीन घरांचं सांडपाणी आपल्याच लोकांनी नालीत सोडलंय. हे आधी कळलं ते बरं, नाहीतर साहेबानं तोंडावर मारलं असतं.

आकड्याचं महत्त्व दारूबंदीच्या मतदानात कळतं, ते आडवी बाटलीवालं (मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद). वॉर्डातल्या २५ टक्के बायांनी मागणी केली तर दुकान बंद करायला मतदान घेता येतं, पण बरीच वर्षं नियम असा होता की एकूण बाया-मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं बंदीच्या बाजूनं पडावी लागायची. आलेल्यांपैकी नाही, यादीतल्या एकूणांपैकी. म्हणजे जी घरी राहिली ती आपोआप दारूच्या बाजूनं गेली. तिथं घोषणा कामी येत नाही, यादी आणि रिक्षा कामी येते.

मग निवेदन. एक पान, वर विषय, खाली सह्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. आवक नंबर आणि शिक्का, बस्स. साहेबाच्या हातात निवेदन देतानाचा फोटो छान येतो, पण सहा महिन्यांनी तो फोटो कोणी विचारत नाही, नंबर विचारतात. तारखा पण सांभाळा. झाडांचंच घ्या, शहरात झाडं तोडायच्या अर्जाची जाहीर नोटीस निघते, हरकतीला सात दिवस असतात, आणि आपण आठव्या दिवशी झाडाला मिठी मारायला जातो.

आता रस्ता. निवेदनानं हललं नाही तर उतरावंच लागतं, त्यात लाज कसली. पण एका दिवसाचा मोठा मोर्चा की रोजचा छोटा, याचा विचार करा. १९२३ चा झेंडा सत्याग्रह आपल्याच नागपूरचा. तिरंगा घेऊन सिव्हिल लाईन्समध्ये जायला बंदी होती, तर रोज थोडे स्वयंसेवक निघायचे, पकडले जायचे, दुसऱ्या दिवशी दुसरे तयार, बाहेरच्या प्रांतांतून पण लोक यायचे. मे ते ऑगस्ट हे चाललं, हजारावर लोक जेलात गेले. सरकारला एक दिवसाची गर्दी सांभाळता येते, रोजची चिकाटी महागात पडते. शेवटी ऑगस्टमध्ये झेंडा सिव्हिल लाईन्समधून गेला आणि कैदी पण सुटले.

हिवाळी अधिवेशनाचा टाइम सगळेच धरतात, सरकार डिसेंबरात इथं येतं म्हणून. पण मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर तुमच्या आधी दहा मोर्चे अडवलेले असतात, पंधरा लोक घेऊन तिथं जाल तर हरवाल. त्यापेक्षा एरवीचा मंगळवार बरा. पोलिसांना आधी लेखी द्या आणि गर्दीची जबाबदारी खरंच घ्या. २३ नोव्हेंबर १९९४ ला आदिवासी म्हणून मान्यता मागायला आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली, ११४ जीव गेले, बाया आणि लहान मुलं जास्त. सीताबर्डीतल्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, आपण रोज त्यावरून जातो. मागणी २०१८ मध्ये हायकोर्टात मान्य झाली आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला. म्हणून मी पाणी, सावली, बाहेर निघायची वाट, लेकरांना कोण धरेल, हे भाषणांच्या आधी ठरवतो. कोणी घाबरट म्हटलं तर म्हणू दे.

ऑर्डर निघाली की लोक पेढे वाटतात आणि ग्रुप शांत होतो, खरी गडबड इथंच होते. महाडचं बघा. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ लाच झाला होता, महाड नगरपालिकेनं पण १९२४ मध्ये तळं खुलं केलं, कागदावर. पाणी कोणी घेऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. म्हणजे नवीन काही मागितलं नव्हतं, मिळालेलंच वापरून दाखवलं. त्यावरून मारहाण झाली, केस झाली, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला पण २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी आपला बांबू बाहेर नेऊन विकायचा पास २०११ पर्यंत हातात नव्हता.

आमची ऑर्डर निघाली त्या दिवशी आम्ही तिची झेरॉक्स किराणा दुकानाच्या दारावर चिकटवली, कामाची लांबी आणि मुदत पेननं अधोरेखित करून. ठेकेदार आला तर पोट्टे टेप घेऊन उभे. सात मीटर कमी भरली, म्हणून ती पण करून घेतली, थोडी तणतण झाली.

परवाच्या पावसात कोपऱ्यावर नालीवरचा एक ढापा फुटला. काकूंनी फोटो टाकला, मी कपाटातून रजिस्टर काढलं आणि सोमवारी खिडकीवर जाऊन नवीन आवक नंबर घेऊन आलो.