ऑलिम्पिकला निघण्याआधी भरती-ओहोटी बघा

सिएटलकडे राहणारा मराठी माणूस ऑलिम्पिक नॅशनल पार्कला निघाला की आधी हॉटेल शोधतो आणि मग खाण्याच्या डब्यांची चर्चा करतो. भरती-ओहोटीचा तक्ता मात्र किनाऱ्यावर पोचल्यावर आठवतो. आम्हीही तेच केलं होतं. पार्कमधल्या रिआल्टो बीचवरून गोटे तुडवत अडीच किलोमीटर चाललो आणि 'होल इन द वॉल'पाशी पोचलो, तर त्या खडकातल्या भोकातून लाटा येत होत्या. लांबून फोटो काढले आणि परत फिरलो.

म्हणून पहिलं काम म्हणजे जवळच्या ला पुश गावाचा भरती-ओहोटीचा तक्ता काढून कागदावर छापून घ्यायचा. कागदावरच, कारण तिकडे फोनला रेंज नसल्यातच जमा. कोकणातल्या माणसाला अमावास्या-पौर्णिमेचं उधाण ठाऊक असतं, पण इथे आणखी एक गोम आहे. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एकीत पाणी बरंच जास्त उतरतं. उन्हाळ्यात ही मोठी ओहोटी बहुधा सकाळी असते. तेव्हा सकाळ किनाऱ्याची आणि दुपार जंगलाची, असाच बेत आखा. ओहोटीच्या तासभर आधी चालायला लागा आणि पाणी चढायच्या आत परत फिरा. वाळूवर पडलेले अजस्र ओंडके बाकासारखे दिसतात. मुलं त्यांच्यावर चढणारच. लाटा उसळत असतील तर त्यांना तिथून खाली उतरवा, कारण थोड्याशा पाण्यानेही असा ओंडका तरंगतो आणि माणसाला चिरडू शकतो. पोहायचे कपडे घरीच ठेवा, पाणी ऐन उन्हाळ्यातही बर्फासारखं असतं.

जंगल म्हणजे होह, याच पार्कमधलं वर्षावन. वर्षाला साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस. महाबळेश्वरला याहून जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथला पाऊस हिवाळाभर रिपरिपतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये जरा उसंत घेतो. छत्री झाडांत अडकते, टोपीचं रेनकोट-जॅकेट हवं. जीन्स घालू नका. एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि थंडी वाजते ती वेगळीच. पायात खोल खाचांच्या तळव्याचे बूट हवेत, कारण मुळं आणि लाकडी पूल शेवाळाने निसरडे झालेले असतात. 'हॉल ऑफ मॉसेस'ची फेरी जेमतेम सव्वा किलोमीटरची आहे. भारतातून आलेले आईबाबाही रमतगमत करतील. वर मेपलच्या फांद्यांवरून शेवाळाच्या झिरमिळ्या लोंबत असतात, तेव्हा मान वर करून बघायला वेळ ठेवा. एल्क हरणं दिसली तर मात्र अंतर राखा. उन्हाळ्यात होहच्या फाटकावर गाड्यांची रांग लागते. ज्या दिवशी ओहोटी दुपारी असेल, त्या दिवशी उलट करा आणि पहाटे होह गाठा.

गाडीचा प्रवेश पास ३० डॉलरचा, सात दिवस चालतो. पैसे भरायला कार्ड जवळ ठेवा. शाय शाय (Shi Shi) बीचला जायचं असेल तर तिथली वाट माका या मूळनिवासी लोकांच्या जमिनीतून जाते, त्यासाठी निआ बे गावातून त्यांचा वेगळा पास घ्यावा लागतो. किनाऱ्यावर तंबू ठोकणार असाल तर परमिट आणि खाणं ठेवायला अस्वलालाही न उघडणारा कडक डबा लागतो. खरे चोर अस्वलं नाहीत, रॅकून नावाचे छोटे प्राणी आहेत! ते पिशवीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दहा मिनिटंही टिकू देणार नाहीत. ड्रोन घरीच ठेवा, पार्कमध्ये त्याला बंदी आहे.

पेट्रोल वाटेतल्या फोर्क्स गावात भरून घ्या आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. गाडीत प्रत्येकाचा एक कोरडा मोज्यांचा जोड असू द्या. लहानांचे दोन.