एक्सएमएलच्या परीक्षेला बसण्याआधी

एक्सएमएल म्हणजे टॅग लावून माहिती लिहिण्याची पद्धत. तिच्या परीक्षेसाठी पुस्तक उघडण्याआधी अभ्यासक्रमाचा कागद काढा आणि त्यात आधी आवृत्त्या शोधा. एक्सपाथ (फाइलीतले भाग शोधण्याची भाषा) आणि एक्सएसएलटी (फाइलीचं रूपांतर करण्याची भाषा) यांची १९९९ची १.० विचारणार की २००७ची २.०, हे कळल्याशिवाय सराव प्रश्नांना हात लावू नका, कारण उत्तरच बदलतं. 'व्हॅल्यू-ऑफ' या एक्सएसएलटीतल्या मजकूर छापणाऱ्या आज्ञेला तीन नोड (फाइलीतले भाग) सापडले तर १.० पहिल्याचाच मजकूर छापतं आणि २.० तिघांचा, मध्ये एकेक जागा सोडून. पेपर काढणारा ही दोन्ही उत्तरं पर्यायांत ठेवणार, हे धरूनच चला.

साधनं फुकट मिळतात. १.०साठी फाइल तपासायला एक्सएमएललिंट आणि एक्सएसएलटी चालवायला एक्सएसएलटीप्रॉक पुरे, त्यापुढच्या आवृत्त्यांना सॅक्सन घ्या. टॅग आपोआप बंद करणारा एडिटर मात्र सरावापुरता बाजूला ठेवा. त्याच्या सवयीने डोळा आळशी होतो आणि परीक्षेत नेमकी तीच चूक शोधायला सांगतात.

सरावाची फाइल स्वतः लिहा, मराठीतही चालते. 'ग्रंथालय' या एलिमेंटमध्ये (टॅगांच्या जोडीने बांधलेला भाग) दोन 'कपाट', प्रत्येकात तीन-चार 'पुस्तक', त्यांना 'किंमत' हे टॅगमध्येच लिहिलेलं अ‍ॅट्रिब्यूट. यूटीएफ-८मध्ये सेव्ह केली की पार्सर (फाइल वाचणारा प्रोग्रॅम) कुरकुर करत नाही.

व्याकरण एका बैठकीत होतं. वेल-फॉर्म्ड (टॅगांची रचना बिनचूक) आणि व्हॅलिड (शिवाय ठरवून दिलेल्या नियमांत बसणारी) यांतला फरक, आधीपासून ठरलेल्या पाच एंटिटी (खास चिन्हांसाठी लिहायची नावं), कॉमेंटच्या पोटात दोन डॅश सलग चालत नाहीत, डीटीडीतल्या (फाइलीच्या रचनेचे नियम लिहिण्याची जुनी पद्धत) आयडी प्रकाराचं मूल्य इंग्रजी आकड्याने सुरू होत नाही. एवढं तोंडपाठ हवं.

खरा वेळ राखून ठेवा तो नेमस्पेससाठी. नेमस्पेस म्हणजे नावांची सरमिसळ टाळायला त्यांना जोडलेला पत्ता, प्रिफिक्स म्हणजे त्या पत्त्याऐवजी नावाआधी लिहायचं छोटं नाव, आणि प्रिफिक्सशिवाय लागू होतो तो डिफॉल्ट. मुळाच्या एलिमेंटवर डिफॉल्ट नेमस्पेस टाका आणि एक्सपाथ १.०ने साधं 'पुस्तक' शोधा. एकही सापडणार नाही, आणि एररही येणार नाही! कारण तिथे प्रिफिक्स नसलेलं नाव म्हणजे कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं नाव. स्टाइलशीटमध्ये (एक्सएसएलटीच्या फाइलीत) त्याच पत्त्याला एखादा प्रिफिक्स बांधून पुन्हा शोधा, सगळी पुस्तकं हजर होतात. प्रिफिक्स दोन्हीकडे वेगळा असला तरी बिघडत नाही. पत्ता मात्र अक्षरन् अक्षर जुळायला हवा, शेवटी एक स्लॅश जास्त पडला तरी तो दुसरा नेमस्पेस. तो पत्ता इंटरनेटवर उघडतो का, याच्याशी पार्सरला देणंघेणं नाही. आणि डिफॉल्ट नेमस्पेस अ‍ॅट्रिब्यूटला लागू होत नाही. हे वाक्य वहीत वेगळ्या शाईने लिहा.

एक्सपाथमध्ये मोजणी एकपासून. दोन स्लॅश, 'पुस्तक' आणि चौकोनी कंसात १ लिहिलं, तर प्रत्येक कपाटातलं पहिलं पुस्तक मिळतं, म्हणजे आपल्या फाइलीत दोन. दोन स्लॅशसकट नाव आधी गोल कंसात घातलं आणि मग १ लिहिला, तर अख्ख्या ग्रंथालयातलं एकच.

एक्सएसएलटीसाठी एकही टेम्प्लेट (कुठल्या नोडचं काय करायचं हा नियम) नसलेली स्टाइलशीट चालवा. एलिमेंटमधला सगळा मजकूर सलग बाहेर पडेल, किंमती मात्र दिसणार नाहीत. हे अंगभूत नियमांचं काम. न बोलावलेला मजकूर आउटपुटमध्ये कुठून आला, असा प्रश्न आला तर उत्तर बहुतेक इथेच असतं. एकाच नोडवर दोन टेम्प्लेट लागू पडली तर कोण जिंकतं तेही पाहा: साध्या नावाला प्राधान्य ०, ताऱ्याला (*, म्हणजे कुठलंही नाव) उणे ०.५, चौकोनी कंसात अट असेल तर ०.५.

स्कीमात (फाइलीत काय चालतं याचे एक्सएमएलमध्येच लिहिलेले नियम) डिफॉल्ट, म्हणजे काही न लिहिता लागू होणारी मूल्यं, पाठ करा, दुसरा उपाय नाही. एलिमेंट कमीत कमी एकदा आणि जास्तीत जास्त एकदाच, अ‍ॅट्रिब्यूट ऐच्छिक, आणि एलिमेंटफॉर्मडिफॉल्ट 'अनक्वालिफाइड'. हा शेवटचा डिफॉल्ट कुणाच्या सोयीसाठी ठेवला देव जाणे, पण स्थानिक (दुसऱ्याच्या आत घोषित केलेले) एलिमेंट नेमस्पेसबाहेर राहतात ते त्याच्यामुळेच.

डॉम आणि सॅक्स या प्रोग्रॅममधून फाइल वाचण्याच्या दोन पद्धतींवर फार वेळ घालवू नका. फाइल अवाढव्य आणि एकदाच वाचायची असेल तर सॅक्स, अख्ख्या फाइलीचं झाड हातात ठेवून मागेपुढे फिरायचं, बदल करायचे तर डॉम. व्याख्या सहसा विचारत नाहीत, प्रसंग देतात.

आदल्या दिवशी नवीन काही घेऊ नका. ग्रंथालयाच्या फाइलीचा स्कीमा कोऱ्या कागदावर पेनाने लिहा, मग टाइप करून एक्सएमएललिंटमधून तपासा. जिथे अडेल तेवढंच पुन्हा वाचा.