न्यू जर्सीच्या तळ्यावर बास: नव्याने गळ टाकणाऱ्यांसाठी

मध्य न्यू जर्सीत नव्याने राहायला आलेली मराठी मंडळी वसंत लागला की मला हमखास विचारतात, "रॉड कुठला घेऊ?" मी सांगतो, आधी पाण्यात बुडवायचं थर्मामीटर घ्या. दहा डॉलरच्या आत येतं, दोरी बांधून काठावरून सोडता येतं. आपल्याकडच्या तळ्यांत मिळतो तो लार्जमाउथ बास, गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा मासा. त्याचं भुकेचं, विणीचं, सुस्तीचं सगळं वेळापत्रक पाण्याच्या तापमानावर चालतं. मार्चचा एखादा आठवडा उबदार गेला तर तो काठाशी येतो आणि एप्रिलमध्ये थंडीची लाट आली तर पुन्हा खोलात जाऊन बसतो. महिना बघून जाणारा माणूस बरेचदा रिकाम्या हाताने परततो आणि दोष रॉडला देतो.

लायसनचं काम आधी उरकून टाका. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला (राज्यातले सत्तरीपुढचे रहिवासी सोडून) गोड्या पाण्यात गळ टाकायला राज्याचं लायसन लागतं, तळं खाजगी मालकीचं असलं तरीही. ऑनलाइन पाच मिनिटांत मिळतं. मुदत मात्र कॅलेंडर वर्षाची असते, म्हणजे ऑक्टोबरमध्ये काढलंत तरी 31 डिसेंबरला संपतं. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यावं. भारतातून आई-बाबा आलेत आणि बाबांना हौस आहे, तर परराज्यातल्या पाहुण्यांसाठी थोड्या दिवसांचं वेगळं लायसन मिळतं. वर्षातून दोन दिवस राज्य सगळ्यांना विनालायसन मुभा देतं, त्या तारखा आधी जाहीर होतात. टाउनहाउसच्या आवारातल्या तळ्यात बास असतात, कधीकधी चांगले दणदणीत असतात, पण तिथे सोसायटीची परवानगी घ्या. कुणी हटकलं की लायसन दाखवून भागत नाही.

सार्वजनिक जागा भरपूर आहेत. वेस्ट विंडसरच्या मर्सर काउंटी पार्कमधलं तळं, प्रिन्स्टनचं कार्नेगी लेक, असनपिंकची तळी, शिवाय डेलावेअर अँड रॅरिटन कालवा. कार्नेगी लेक हे नौकानयनासाठी मुद्दाम बांधलेलं, 1906 सालचं. सकाळी तिथे वल्ही मारणाऱ्यांची वर्दळ असते, त्यांच्या वाटेत दोरा टाकू नका. नवख्याने मोठ्या जलाशयाच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. राउंड व्हॅली किंवा लेक होपॅटकाँग दिसायला सुंदर, पण काठावरून तिथे मासा नेमका कुठे आहे हे कळायलाच हंगाम जातो. दहा-पंधरा मिनिटांत ज्याला फेरी मारता येईल असं तळं धरा आणि वर्षभर त्याच तळ्यावर जा. लहान तळ्यात मोठा मासा नसतो हा समजही काढून टाका. राज्याचा लार्जमाउथचा विक्रम 10 पौंड 14 औंसांचा आहे, 1980 सालचा, आणि तो मेनँटिको इथल्या वाळूच्या जुन्या खाणीच्या तळ्यातला आहे.

आता रॉड. साडेसहा-सात फुटी, मीडियम ताकदीचा स्पिनिंग रॉड, 2500 आकाराचं रील आणि आठ पौंड ताण सोसणारा साधा नायलॉनचा दोरा, म्हणजे आपला तंगूस. एवढ्यावर पहिलं वर्ष आरामात निघतं. दुकानातली आमिषांची भिंत माशांपेक्षा माणसांना गळाला लावण्यासाठी असते. तुम्ही पाच इंची मऊ प्लास्टिकचे अळीसारखे दिसणारे वर्म घ्या, हिरवट-तपकिरी रंगाचे, आणि 1/0 नंबरचे गळ. वर्मच्या बरोबर मध्यातून गळ आरपार घालायचा, दोन्ही टोकं लोंबती ठेवायची. याला वॅकी रिग म्हणतात. वजन अजिबात लावायचं नाही. या वर्ममध्ये मीठ घातलेलं असतं, त्या भारानेच तो सावकाश बुडतो आणि बुडताना दोन्ही टोकं थरथरतात. बासला एवढं पुरतं. दोन-तीन माशांनंतर वर्म मधून फाटतो, म्हणून मध्यावर रबराची छोटी रिंग चढवून गळ त्या रिंगखालून घालावा, वर्म बराच टिकतो. फाटलेले तुकडे खिशात टाका, पाण्यात नाही. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची, नाहीतर घर्षणाने दोरा तिथेच कमजोर होतो.

वसंताबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण नवखा माणूस काठावरून मोठा बास पकडतो तो बहुधा याच दिवसांत.

बर्फ वितळल्यावर तळ्याचा उत्तरेकडचा काठ आधी तापतो. सूर्य अजून दक्षिणेकडे कललेला असतो, त्याचं ऊन त्या काठाला थेट मिळतं आणि उत्तरेचा बोचरा वाराही तिथे अडतो. त्यात तळ काळ्या चिखलाचा असेल तर आणखी बरं. दुपारी तीनला उत्तर काठावर 52 अंश फॅरनहाइट आणि समोरच्या काठावर 47, असा फरक एकाच तळ्यात सापडतो, आणि मासे कुठे असतील हे त्या पाच अंशांत कळतं. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे उठायची गरज नाही. जेवून जा. पाणी पन्नाशीत असताना बासला भूक असते पण पाठलाग करायची तयारी नसते, तेव्हा आमिष इतकं हळू ओढा की तुमचाच संयम सुटायला यावा.

पाणी साठीच्या वर गेलं की वीण सुरू होते. आपल्या भागात साधारण एप्रिलअखेरपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत. पोलराइज्ड चष्मा घालून काठाने सावकाश चाला. दोन-चार फूट पाण्यात ताटाएवढे गोल, आसपासच्या तळापेक्षा उजळ डाग दिसतील. नराने शेपटीने चिखल झटकून खालची वाळू-खडी मोकळी केलेली असते. मादी अंडी घालून निघून जाते आणि नर तिथेच थांबतो. एका जागी तरंगत, पर हलवत, अंड्यांवरून पाणी खेळतं ठेवत. हातभर अंतरावर ब्लूगिल, म्हणजे छोटे सनफिश, टोळीने टपून असतात. नर एकाच्या अंगावर धावून गेला की दुसरे दोन मागून घरट्यात घुसतात. तो वळतो, त्यांना हाकलतो, पुन्हा जागेवर येतो. आता विचार करा, या नराला तुम्ही गळाने उचलून काठावर फोटोसाठी दोन मिनिटं धरलंत तर मागे काय होत असेल. म्हणूनच न्यू जर्सीत 15 एप्रिल ते 15 जून या काळात पकडलेला प्रत्येक बास तिथल्या तिथे सोडावा लागतो. कायदा घरट्यावरच्या माशाला गळ टाकायला बंदी करत नाही, पण मी टाकत नाही. घरट्यांपासून जरा खोल पाण्याच्या बाजूला, जिथे अजून वीण न झालेल्या माद्या असतात, तिथे टाका. मोठ्या असतात त्या माद्याच.

मासा वर्म घेतो तेव्हा काय होतं, हे कुणी नीट सांगत नाही. हाताला दणका बसेल अशी वाट बघत राहिलात तर निम्मे मासे निसटतील. नजर दोऱ्यावर हवी, पाण्याला जिथे दोरा टेकतो त्या जागेवर. वर्म बुडत असताना दोरा ढिला असतो. मध्येच तो टुणकन उडतो, किंवा काही कारण नसताना आडवा सरकू लागतो, किंवा अजून बुडायला हवा तेव्हाच थांबतो. तिन्हींचा अर्थ एकच, बासने तोंड उघडून पाण्यासकट वर्म आत ओढलाय. ढील गुंडाळा आणि रॉड एकदा जोरात मागे घ्या. उशीर केलात तर मासा गळ पार घशात नेतो, आणि मग तो काढणं माशाच्या जिवावर बेततं. तसं झालं तर ओढाओढ न करता दोरा तोंडाजवळ कापून मासा सोडून द्यावा.

हात आधी पाण्यात ओले करा, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचा रोगांपासूनचा आडोसा असतो. बासचे दात पॉलिशपेपरसारखे खरखरीत असतात, कापत नाहीत; खालच्या जबड्यात अंगठा घालून धरता येतो. वजनदार असेल तर दुसरा हात पोटाखाली हवाच, नुसत्या जबड्यावर आडवा लोंबकळवू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी ऐंशीच्या पुढे जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, मासे दुपारी गप्प बसतात आणि दमलेला मासा सोडल्यावर सावरतोही उशिरा. पहाटे जा, नाहीतर सूर्य कलल्यावर. या दिवसांची खरी मजा कमळाच्या पानांवर आहे. रबराचा पोकळ बेडूक मिळतो, त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले असल्यामुळे तो पानांत अडकत नाही. पानांवरून टुकटुक ओढत आणायचा, दोन पानांमधल्या मोकळ्या पाण्यात क्षणभर थांबवायचा. खालून पाणी फुटतं तेव्हा हात आपोआप झटका देतो आणि बेडूक रिकामा उडून तुमच्याकडे येतो. स्फोट दिसला तरी थांबा, रॉडवर वजन आलं की मगच ओढा. आठ पौंडी दोरा इथे चालत नाही, पानांच्या देठांतून मासा उपसायला तीसच्या वरचा विणलेला दोरा हवा.

सोलापूर-विदर्भाकडच्या लोकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल, तिकडे मरळ याच पद्धतीने पकडतात. मरळीचा भाऊबंद इथेही आहे, नॉर्दर्न स्नेकहेड. पूर्व आशियातून आलेला, 2002 मध्ये मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात सापडला तेव्हा बातम्यांत गाजला होता. आता डेलावेअर नदीच्या खालच्या अंगाच्या ओढ्या-नाल्यांत तो आहे. तो गळाला लागला तर परत सोडायचा नाही, मारायचा आणि राज्याच्या मत्स्य विभागाला कळवायचं, अशी सूचना आहे. जिवंत घरी नेणं तर थेट कायद्याच्या विरोधात. गावाकडची आठवण आली म्हणून बादलीत घालून आणू नका.

उन्हाळ्यातल्या दोन गोष्टींना मात्र घाबरून राहा. एक म्हणजे गोचीड. काठाच्या गवतात हरणांवरची गोचीड असते, तिची पिल्लं खसखशीएवढी, आणि लाइम हा आजार तिच्यामुळे होतो. पूर्ण पँट, पायमोजे पँटवरून ओढलेले, घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेशी, मुलांच्या कानामागे नीट तपासणी. दुसरी वीज. रॉड ग्राफाइटचा असतो आणि ग्राफाइटमधून वीज वाहते. लांब कुठेतरी गडगडलं की मासा कितीही लागत असो, रॉड आडवा धरून गाडीकडे निघा.

सप्टेंबरअखेरीस रात्री गार होऊ लागल्या की बास दुपारीसुद्धा खायला लागतो. छोट्या माशांचे थवे उथळ पाण्यात येतात, त्यांच्या मागे हे. वर्म बाजूला ठेवून चकाकत्या पात्यांचा स्पिनरबेट फेकायचा आणि भरभर ओढायचा. जरा खोल तळ्यांत मध्येच काही दिवस असे येतात की पाणी गढूळ होतं, कुजका वास येतो आणि काहीच लागत नाही. वरचं पाणी थंड होऊन जड झालं की ते खाली जातं आणि तळाचं पाणी वर येतं, त्याचा हा परिणाम. अशा वेळी दुसऱ्या उथळ तळ्यावर जावं, तिथे ही उलथापालथ होत नाही.

हिवाळ्याचं मी फार सांगणार नाही. पाणी सर्वांत जड असतं ते 39 अंश फॅरनहाइटला, म्हणून बर्फाखाली तळाशी तेवढी ऊब टिकते आणि मासे तिथे जवळजवळ न हलता दिवस काढतात. बर्फाला भोक पाडून मासेमारी करणारे चार इंच स्वच्छ, टणक बर्फ ही किमान जाडी मानतात. मध्य जर्सीत आज चार इंच आणि परवा पाऊस, अशी गत असते. उत्तरेकडे सरावलेल्या माणसाबरोबर जा, एकट्याने नाही.

राहता राहिला सगळ्यांच्या मनातला प्रश्न: खायचा का? जूनच्या मध्यानंतर बारा इंच आणि त्याहून मोठे, दिवसाला पाच बास ठेवायला परवानगी आहे, पण त्या वर्षीचं नियमपुस्तक उघडून खात्री करा, काही तळ्यांना वेगळे नियम असतात. तरी मी बास आणत नाही. तो दुसरे मासे खाऊन वाढतो, त्यामुळे त्याच्या अंगात पारा साठतो. मासा जितका मोठा तितका जास्त. राज्य कुठल्या पाण्यातला कुठला मासा किती खावा याची यादी काढतं. गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्यासाठी त्यात वेगळा, कडक रकाना असतो, तो वाचल्याशिवाय काहीही शिजवू नका. खायचेच असतील तर वसंतात सरकारी हॅचरीतून तळ्यांत सोडलेले ट्राउट आणा, त्यासाठी लायसनवर वेगळा ट्राउट स्टॅम्प घ्यावा लागतो. नाहीतर हाताएवढे ब्लूगिल: खवले काढून, आडव्या चिरा देऊन, हळद-तिखट-मीठ आणि आगळ लावून रव्यात घोळवलेले. साफ करताना पाठीवरचा काटेरी पर डोक्याकडून शेपटीकडे दाबत धरा, उलटा हात फिरवलात तर तळव्यात घुसतो.